फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

कॉम्प्युटर चालता चालता निळी स्क्रीन दाखवतो आणि आपोआप रिस्टार्ट होतो. दुरुस्तीवाला येतो, ‘विंडोज करप्ट झालंय’ म्हणतो आणि फॉरमॅट मारून जातो. आठ-पंधरा दिवस सगळे सुरळीत चालते, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा फॉरमॅट, नवा अँटिव्हायरस, कधी नवी एसएसडीसुद्धा. एवढा खर्च झाल्यावर कोणीतरी रॅमचा विषय काढतो. ‘रॅम खराब झाली असेल का, आणि ते घरच्या घरी कसे कळेल?’ हा प्रश्न वाचकांकडून सतत येत राहतो, तो बहुधा या टप्प्यावर पोहोचल्यानंतरच.

घरच्या घरी कळते. त्यासाठी एक पेनड्राइव्ह, एक रात्र आणि थोडा संयम पुरतो. आपल्याकडे चुकतो तो तपासणीचा क्रम. फॉरमॅट मारणे सोपे, ओळखीचे आणि दुकानदाराला पैसे मिळवून देणारे काम आहे, म्हणून ते आधी होते. पण दोष रॅममध्ये असेल तर नवे विंडोजही त्याच सदोष रॅममधून डिस्कवर उतरते. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात चुका असू शकतात, आणि फॉरमॅटच्या गडबडीत जुना डेटा गेलेला असतो तो वेगळाच.

आधी दोन गैरसमज बाजूला ठेवा

रॅम कमी असणे आणि रॅम खराब असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राउझरमध्ये तीस टॅब उघडल्यावर मशीन रेंगाळत असेल, तर रॅम कमी पडते आहे. खराब रॅममुळे कॉम्प्युटर सहसा हळू होत नाही. तो नेहमीच्या वेगाने चुकीचे काम करतो. एखाद्या हिशेबनिसाला अधूनमधून ३ च्या जागी ८ दिसू लागला तर त्याच्या हातून गेलेली कोणती वही बरोबर आणि कोणती चूक हे सांगता येणार नाही. खराब रॅमचे तसेच आहे. म्हणून आज ब्राउझर बंद पडतो, उद्या एक्सेल, परवा खुद्द विंडोज.

दुसरा गोंधळ साठवणीचा. ‘मेमरी फुल’ हा संदेश सहसा डिस्कबद्दल किंवा मोबाइलच्या स्टोरेजबद्दल असतो. त्याचा रॅमच्या बिघाडाशी संबंध नाही.

संशय कधी घ्यावा

खालीलपैकी एकच लक्षण दिसले तर लगेच निष्कर्ष काढू नका. दोन-तीन एकत्र दिसू लागली, तर मात्र रॅम तपासल्याशिवाय दुसऱ्या कशावरही पैसे घालू नका.

- निळी स्क्रीन (विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ती काळी झाली आहे) दर वेळी वेगळे कारण दाखवते: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. कारण दर वेळी तेच येत असेल आणि सोबत एकाच फाइलचे नाव दिसत असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये असतो.
- डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना ‘सीआरसी एरर’ येते, आणि तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित उघडते.
- विंडोज किंवा मोठा गेम इन्स्टॉल होताना मध्येच अडकतो, आणि दर वेळी वेगळ्या टप्प्यावर.
- फोटोंमध्ये रंगीत पट्टे येतात, जुन्या फाइल्स ‘डॅमेज्ड’ दिसू लागतात.
- पंखे फिरतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही. कॅबिनेटमधून बीप ऐकू येतात किंवा मदरबोर्डवरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटून राहतो.
- १६ जीबी रॅम बसवलेली असताना विंडोजमध्ये ८ जीबीच दिसते.

शेवटचे लक्षण तपासायला काही उघडावे लागत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’वर जाऊन ‘मेमरी’ निवडा. किती स्लॉट वापरात आहेत, वेग किती आहे आणि ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ किती आहे, हे तिथे दिसते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी थोडी रॅम राखून ठेवलेली असतेच, तिची चिंता नको. रॅमची अख्खी एक स्टिकच (स्लॉटमध्ये बसणारी पट्टी) गायब असेल, तर ती नीट बसलेली नाही, किंवा स्लॉट अथवा स्टिक खराब आहे.

एकदाच झाले, तर सोडून द्यावे का?

१८ मे २००३ रोजी बेल्जियममधल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त मिळालेली दिसली. आकडा शक्यतेच्या बाहेरचा असल्यामुळे फेरमोजणी झाली. यंत्रात दोष सापडला नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. ४०९६ हा दोनचा बारावा घात असल्यामुळे तो पटण्यासारखाही होता. अशी एखादी चूक धडधाकट रॅमच्या हातूनही होते, आणि तिच्यावर घरी करण्यासारखे काही नसते.

मात्र ‘असे होतच असते’ म्हणून नेहमीचा बिघाड खपवून घेऊ नये. गुगलच्या सर्व्हरमधल्या रॅमवर २००९ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्षात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकांमध्ये चुका आढळल्या होत्या, आणि त्यातल्या बहुसंख्य चुका योगायोगाच्या नसून स्टिकमधल्या कायमच्या दोषाच्या असाव्यात, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे दहा लाख घरगुती आणि वैयक्तिक कॉम्प्युटरांच्या नोंदी पाहिल्या. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेले मशीन पुन्हा तसेच बंद पडण्याची शक्यता कित्येक पटींनी, काही बाबतींत शंभर पटींपर्यंत, वाढलेली त्यांना दिसली. तेव्हा वर्षातून एकदा आलेली निळी स्क्रीन विसरून जा. महिन्यात दुसऱ्यांदा आली, तर तपासणीला लागा.

पहिले काम डेटाचे, पण याच मशीनवर नको

इथे बहुतेक जण फसतात. कॉम्प्युटर गडबड करू लागला की माणूस घाईघाईने बाहेरची हार्ड डिस्क जोडतो आणि सगळे फोटो, हिशेब, कागदपत्रे तिच्यावर कॉपी करतो. पण कॉपी होणारी प्रत्येक फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून पुढे जाते. रॅम सदोष असेल तर वाटेत एखादा बिट बदलतो, आणि कॉपी ‘यशस्वी’ झाल्याचा संदेश तरीही येतो. जुन्या चांगल्या बॅकअपवर ही बिघडलेली प्रत चढली, तर चांगली प्रत कायमची गेली.

म्हणून:

1. संशय येताच आपोआप चालणारा बॅकअप आणि क्लाउड सिंक तात्पुरते थांबवा.
2. जुना बॅकअप असेल तर त्याला हात लावू नका. नवी प्रत वेगळ्या डिस्कवर किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या.
3. शक्य असेल तर एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून, यूएसबी केसमध्ये घालून, दुसऱ्या धडधाकट कॉम्प्युटरवर कॉपी करा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिथे रिकव्हरी की लागेल.
4. ते जमणार नसेल तर आधी रॅम तपासा आणि कॉपी नंतर करा. कॉम्प्युटर वापरलाच नाही, तर सदोष रॅममुळे डिस्कवरचा डेटा बदलत नाही.

घरात टॅली किंवा जीएसटीचे काम चालत असेल, तर तिसरा मार्ग टाळू नका. फोटोतला एक पट्टा डोळ्यांना दिसतो. खतावणीतला बदललेला आकडा दिसत नाही.

स्टिक काढून पुन्हा बसवा

ऐकायला फार साधे वाटते, पण बिघाडाचे कारण कधी कधी एवढेच असते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बंद राहिलेले मशीन सुरू केल्यावर स्क्रीनच येत नाही, असे घडते ते स्टिकच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ आणि दमटपणाचा थर बसल्यामुळे.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मगच स्टिकला हात घाला. स्टिक कडेने धरा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी उघडून ती सरळ वर काढा, स्लॉटमधली धूळ ब्रशने किंवा ब्लोअरने उडवा आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवा. काही मदरबोर्डांना एकाच टोकाला खिट्टी असते. तिथे दुसरे टोक अर्धवट राहण्याची शक्यता जास्त.

दुरुस्तीवाले पट्ट्यांवर खोडरबर घासतात. त्याने काम भागते, पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाला लावून हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबरच हाताशी असेल, तर स्लॉटपासून दूर, हलक्या हाताने एकदा फिरवून चुरा झटकून टाका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी घरातले अर्थिंग तपासून घ्या. ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे आणि रॅमपेक्षा तातडीचे आहे.

विंडोजमधली तपासणी

स्टार्टच्या शोधचौकटीत ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ असे इंग्रजीत टाइप करा. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये हे साधन आहे. ‘रिस्टार्ट नाऊ’ निवडले की कॉम्प्युटर बंद होऊन निळ्या पडद्यावर तपासणी सुरू होते. तशीच चालू दिली तर ती ‘स्टँडर्ड’ प्रकारच्या दोन फेऱ्या करते. तेवढ्यावर थांबू नका. एफ१ दाबा, ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि एफ१० दाबून पुढे जा. ही तपासणी काही तास चालू शकते.

पुष्कळांना निकाल दिसतच नाही, कारण विंडोज सुरू झाल्यावर कोपऱ्यातली सूचना क्षणभर येऊन जाते. त्यावर उपाय असा: ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टम’वर जा आणि ‘मेमरी डायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स’ नावाची नोंद शोधा.

या तपासणीत दोष निघाला तर तो खरा धरा. दोष नाही असे म्हटले, तर तेवढ्याने समाधान मानू नका. तिच्यातून निसटणारे दोष पुढच्या तपासणीत सापडतात.

रात्रभराची तपासणी

मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिला. आज त्याच्या दोन शाखा आहेत. पासमार्क कंपनीच्या मेमटेस्ट८६ ची मोफत आवृत्ती एका वेळी चार फेऱ्या करते. नावापुढे अधिकचे चिन्ह असलेला मेमटेस्ट८६+ पूर्णपणे मुक्त आहे आणि तुम्ही थांबवेपर्यंत चालत राहतो. घरच्या कामाला दोन्ही चालतात. दोन्ही पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतात, त्यामुळे जवळपास सगळी रॅम त्यांना तपासता येते.

- प्रोग्राम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाईल.
- कॉम्प्युटर सुरू होताना बूट मेन्यूचे बटण दाबा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ११, एफ९, एफ८ किंवा एस्केप असते.
- पेनड्राइव्ह दिसूनही सुरू होत नसेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करावे लागू शकते.

शेवटच्या मुद्द्यापाशी सांभाळा. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. बायोसला हात लावण्याआधी मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन की कागदावर उतरवून घ्या. की नसेल, तर सेटिंग बदलूच नका. रॅम तपासायला जाऊन सगळा डेटा कुलूपबंद होऊन बसू शकतो.

झोपण्यापूर्वी तपासणी सुरू करा. १६ जीबीच्या चार फेऱ्यांना काही तास सहज लागतात. रॅम जास्त असेल तर वेळही जास्त. विजेचा भरवसा नसेल, तर एवढा वेळ यूपीएसवर काढता येणार नाही हे ध्यानात ठेवून दिवस निवडा. पहिल्या फेरीत काही निघाले नाही म्हणून थांबवू नका. काही दोष रॅम तापल्यावरच दिसतात.

लाल ओळी दिसल्या तर

मेमटेस्टला सापडलेल्या चुका लाल ओळींत दिसतात. अशी एक चूकसुद्धा जास्तच. ‘इतक्या अब्जावधी बिटांत दोन-तीन चालतात’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका. अपवाद एकच: पासमार्कच्या मेमटेस्टमधली १३ व्या क्रमांकाची ‘हॅमर’ चाचणी. ती मेमरीच्या ठरावीक ओळींवर मुद्दाम मारा करते. फक्त तिच्यातच चुका निघाल्या आणि बाकी सगळे स्वच्छ असेल, तर रोजच्या वापरात त्रास होईलच असे नाही.

लाल ओळींचा फोटो काढून ठेवा, वॉरंटीसाठी तो उपयोगी पडतो. मग नवी रॅम मागवण्याआधी खालच्या क्रमाने जा.

1. वेग उतरवा. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ चालू असेल तर बंद करा आणि पुन्हा तपासा. पेटीवर डीडीआर५ ६००० असे छापलेले असते, पण तो वेग या सेटिंगमुळे मिळतो. ती बंद केल्यावर स्टिक बहुधा ४८०० वर येते. इंटेल आणि एएमडी दोघेही एक्सएमपी-एक्सपोला ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगाहून जास्त वेगाने चालवणे) मानतात. वेग उतरवल्यावर चुका थांबल्या, तर स्टिक बहुधा बाद झालेली नसून तुमचा प्रोसेसर, मदरबोर्ड आणि स्टिक यांची त्या वेगाला जुळणी होत नाही. बायोस अपडेट करून पाहा किंवा एक पायरी खालच्या वेगावर चालवा. रोजच्या वापरात फरक जाणवणारही नाही.
2. एका वेळी एकच स्टिक. बाकीच्या काढून ठेवा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत एकट्या स्टिकसाठी जो स्लॉट दिलेला असतो (चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा), त्याच स्लॉटमध्ये प्रत्येक स्टिक आळीपाळीने तपासा. एकीवर चुका आणि दुसरी स्वच्छ असेल, तर दोषी सापडली.
3. स्लॉट बदला. प्रत्येक स्टिक त्याच एका स्लॉटमध्ये चुका दाखवत असेल आणि दुसऱ्यात स्वच्छ निघत असेल, तर दोष स्लॉटमध्ये, मदरबोर्डमध्ये किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये आहे. नवी रॅम आणून काही उपयोग नाही.
4. जोडी तपासा. एकेकट्या स्वच्छ, पण एकत्र बसवल्या की चुका, हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिकांत घडते. दोघींना समान कमी वेगावर चालवा. नाहीच जमले तर जोडीने विकला जाणारा संच घ्या.

स्टिकांवर पेन्सिलने किंवा कागदी चिकटपट्टीने क, ख अशा खुणा करा आणि कोणत्या स्लॉटमध्ये काय निघाले ते कागदावर लिहा. तिसऱ्या अदलाबदलीनंतर कोणालाच काही आठवत नाही.

ॲसेम्बल केलेल्या पीसीबद्दल एक जास्तीची सूचना. मायक्रोसॉफ्टमधले अभियंते रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिले होते की, अशक्य वाटणाऱ्या काही बिघाडांचा छडा लावताना ती मशीन ओव्हरक्लॉक केलेली निघाली, आणि काही मालकांना ते ठाऊकही नव्हते. दुकानदाराने परस्पर वेग वाढवून विकली होती. तो किस्सा प्रोसेसरचा होता. पण दुकानातून तयार होऊन आलेल्या पीसीत कोणत्या सेटिंग चालू आहेत, हे एकदा बायोसमध्ये डोकावून पाहायला हरकत नाही.

तपासणी स्वच्छ, तरी मशीन बंद पडते

मग रॅमचा नाद सोडा. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा भाग) कमजोर झाला की रॅम खराब असल्यासारखीच लक्षणे दिसतात, विशेषतः गेम सुरू करताच मशीन बंद पडत असेल तर. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने एसएसडीची तब्येत पाहा. प्रोसेसर किती तापतो ते पाहा. पंख्यात अडकलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट ही नेहमीची कारणे आहेत. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडून कोणत्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या ते बघा. त्याच दिवशी नवा ड्रायव्हर आला असेल, तर तो काढून पाहा.

लॅपटॉप असेल तर

बहुतेक मोठ्या कंपन्यांनी स्वतःची तपासणी लॅपटॉपमध्येच दिलेली असते. डेलमध्ये सुरू होताना एफ१२ दाबून ‘डायग्नोस्टिक्स’, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ२. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना ‘डी’ दाबून ठेवा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर पॉवर बटण दाबून धरून पर्याय आले की कमांड आणि डी. पीपीएमने सुरू होणारा कोड आला, तर तो मेमरीचा. वॉरंटीतल्या लॅपटॉपवर आधी हीच तपासणी करा. तिथे मिळालेला एरर कोड सेवा केंद्रात दाखवला की पुढचे बोलणे लवकर आटोपते.

लॅपटॉपची रॅम दोन प्रकारची असते: स्लॉटमध्ये बसणारी आणि बोर्डवर सोल्डर केलेली. पातळ लॅपटॉपांत बहुधा दुसरी. काहींत दोन्ही असतात. तिथे स्लॉटमधली काढून तपासली की दोष कुठला ते कळते. सोल्डर केलेली रॅम खराब निघाली तर पर्याय मोजके:

- वॉरंटीत असेल तर मदरबोर्ड बदलून घ्या. वॉरंटीबाहेर हा खर्च कधी कधी जुन्या लॅपटॉपच्या किमतीएवढा होतो.
- चिप लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याकडून मेमरी चिप बदलून घ्या. काम नाजूक आहे, म्हणून किती दिवसांची हमी देणार हे आधी लिहून घ्या.
- चुका मोजक्याच पत्त्यांवर येत असतील, तर तेवढा भाग न वापरण्याची सूचना विंडोजला किंवा लिनक्सला देता येते. हे जाणकाराकडून करून घ्यावे, आणि त्या मशीनवर हिशेब किंवा एकमेव प्रत असलेले काही ठेवू नये.

लॅपटॉप स्वतः उघडणार असाल, तर आतली बॅटरी आधी सोडवा, आणि मागचे झाकण उघडल्याने वॉरंटी जाते का ते वॉरंटी कार्डात वाचा. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे.

दुकानात देण्याआधी

लॅमिंग्टन रोडवर जा, तापकीर गल्लीत जा किंवा कोपऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाकडे जा, काळजी सारखीच घ्यायची. स्टिकवरच्या लेबलचा, सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा. लेबल दिसत नसेल तर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामच्या ‘एसपीडी’ पानावर कंपनी, क्षमता आणि पुष्कळदा बनल्याचा आठवडा व वर्ष दिसते. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मशीन परत आल्यावर तेच पान पुन्हा पाहा. रॅम महागते तेव्हा ८ जीबीच्या जागी ४ जीबी बसवून परत आलेले मशीन ही केवळ ऐकीव गोष्ट राहत नाही.

पावतीवर कोणते भाग दिले ते लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. ‘खराब झाली’ असे तोंडी सांगून स्टिक ठेवून घेणाऱ्याला विचारा, कोणत्या तपासणीत किती चुका निघाल्या? उत्तर नसेल तर स्टिक परत घ्या आणि घरी तपासा. आणि फॉरमॅटला होकार देण्याआधी एकच अट घाला: मेमटेस्टचा निकाल आधी.

वॉरंटी आणि तुमचे हक्क

नामांकित कंपन्यांच्या अनेक स्टिकांना ‘मर्यादित आजीवन’ वॉरंटी असते, काहींना काही ठरावीक वर्षांची. पीसीची एक-दोन वर्षांची वॉरंटी संपली म्हणजे रॅमचीही संपली, असे धरून चालू नका. ॲसेम्बल केलेल्या पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली, तेव्हाही आधी विकलेल्या मालाची वॉरंटी चालूच राहील असे तिने सांगितले. त्यामुळे ब्रँड बाजारातून गेला म्हणून जुनी स्टिक फेकू नका.

दावा करताना बिल, सिरियल नंबर आणि तपासणीचा फोटो जवळ ठेवा. जोडीने घेतलेला संच असेल, तर बऱ्याच कंपन्या दोन्ही स्टिक एकत्र मागतात. स्टिकवरचे लेबल किंवा उष्णता शोषणारे पत्र्याचे कवच काढले असेल, तर वॉरंटी नाकारली जाते.

दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे.

- बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू होत नाही.
- ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे.
- पहिले पाऊल म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळ तंटे इथेच मिटू शकतात.
- नाहीच मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान मुंबईत असले तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

घरून शिकवण्या, डिझाइन किंवा हिशेबाचे काम करणाऱ्यांना ‘तुम्ही व्यावसायिक, तुम्हाला ग्राहक कायदा लागू नाही’ असे सांगितले जाते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे.

नवी स्टिक घेताना आणि बसवल्यावर

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना डेस्कटॉपमध्ये २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही, बळ लावले तर स्लॉट तुटतो. मदरबोर्डच्या कंपनीने तपासलेल्या स्टिकांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते, ती पाहून घ्या. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चुका दुरुस्त करण्याची सोय असते, म्हणून ती खराब होतच नाही असा प्रचार होतो. ती सोय चिपपुरतीच आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्या वाटेवरच्या चुका तिला दिसत नाहीत.

डीडीआर५ बसवून पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू केल्यावर कित्येक मिनिटे काळी स्क्रीन राहू शकते. मशीन नव्या रॅमशी जुळवून घेत असते. घाबरून प्लग काढू नका, दहा-पंधरा मिनिटे थांबा. स्क्रीन आली की आधी मेमटेस्टची एक रात्र जाऊ द्या, कारण परत देण्याची मुदत या दिवसांतच असते. ती स्वच्छ निघाली की कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टम फाइल चेकर आणि चेकडिस्क चालवा. विंडोजच्या फाइल्स फारच बिघडलेल्या निघाल्या, तर फॉरमॅट आता मारा. थांबवलेला बॅकअप चालू करण्याआधी गेल्या काही आठवड्यांतल्या महत्त्वाच्या फाइल्स एकेक उघडून जुन्या प्रतींशी ताडून पाहा, आणि ज्यांची खात्री पटत नाही त्या जुन्या बॅकअपमधून परत घ्या.